चौदावा निरोप

आमचे मामा चष्मे बनवतात आणि पैशाकडेही भिंगातूनच बघतात. दोन महिन्यांसाठी परदेशी लेकीकडे निघताना त्यांनी माझ्या आईला, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीला, बजावलं, "ताई, तिकडे फोन उचलला की रोमिंग लागतं, म्हणून मी उचलणार नाही. तुझा निरोप रेकॉर्ड होईल, पण तो ऐकायलाही पैसे पडतात. परत आलो की इथे फुकट ऐकेन."

"फुकटचं तेवढं बरं ऐकू येतं तुला," आई म्हणाली.

तिकडे लेक म्हणायची, "बाबा, माझ्या फोनवरून बोला आत्याशी." मामा म्हणायचे, "कशाला तुला भुर्दंड? गेल्यावर बोलूच की."

ते परतायच्या आठवडाभर आधी आईला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण वाचा गेली.

आल्या आल्या मामांनी आईच्या खाटेशी बसून तिचे चौदा निरोप ओळीने लावले. तेरांमध्ये नुसती थट्टा होती. चौदावा झटक्याच्या आदल्या दुपारचा होता.

"तू ऐकणार नाहीस चिक्कू, म्हणूनच सांगते. सकाळपासून उजव्या हातातून भांडी सुटताहेत. घरात सांगितलं तर उगाच धावपळ करतील."

मामांनी मान खाली घातली. त्यांच्यावर खेकसायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात आईच्या आवाजामागे मॅचची कॉमेंटरी ऐकू आली. ती त्या दुपारी शेजारच्या खोलीत मी लावली होती.