टाक्यांजवळचा धूर

तामलवाडीच्या हिंमतरावांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. नव्या बंदरावरून आपली द्राक्षं परदेशी जातील, या उमेदीनं त्यांनीच मुलाला, रणधीरला, तिथल्या डिझेलच्या टाक्यांवर फिटर म्हणून धाडलं होतं. आज दुपारी शेजाऱ्यानं मोबाइलवर त्याच टाक्यांजवळचा धूर दाखवला आणि हिंमतरावांनी लगेच रणधीरला फोन लावला. पोराचा फोन नुसता वाजत होता.

"तुमालाच लई हौस बंदराची," विठाबाई नवऱ्याला म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून बसल्या.

अखेर कुणीतरी फोन उचलला. "काका, मी गेटवरचा वॉचमन. आत मोबाइल नेऊ देत नाहीत. धूर आग विझवायच्या सरावाचा होता. रणधीर आत्ताच जेवून आत गेला."

माणूस धीर द्यायला खोटं बोलतोय, असं हिंमतरावांना वाटलं. "काय जेवला?"

"भात, अन् तुमच्या घरची शेंगाचटणी. मलाही दिली. आग तर माझ्या घशात लागली, काका!"

विठाबाईंनी फोन ओढून घेतला. "समदं खाल्लं का? भ्याला की त्याच्या घशाखाली घास उतरत न्हाय."

"डबा चाटूनपुसून ठेवलाय, मावशी."

हिंमतरावांना आता पटलं; त्यांनी फोन परत घेतला. तरीही रणधीर स्वतः बोलेपर्यंत त्यांनी फोन हातातून सोडला नाही.