दीड ओळीची मालकी

रे रोडला माझी जुन्या लाकडाची वखार होती. कोकणातून हमाल म्हणून आलो आणि मालक झालो. लाकडाच्या व्यवहारात मला कुणी गंडवलं नाही. गंडवलं ते एका घोषणेत.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तापली होती. लालबागच्या आमच्या चाळीतून मोर्चा निघायचा होता. आदल्या संध्याकाळी जेवताना मला ओळ सुचली. ‘गोदी आमची, गिरणी आमची, मुंबई आमच्या कष्टाची!’

बायको भाकरी थापत होती. म्हणाली, “कष्टाची नको. घामाची म्हणा. ओरडायला बरं पडतं.”

ओरडून पाहिलं. बरं पडत होतं.

मोर्चात ती मीच पहिल्यांदा दिली. पुढं ती दादरपासून गिरगावापर्यंत भिंतींवर दिसू लागली, आणि आमच्या चाळकमिटीचा चिटणीस सभासभांतून ‘ही माझी घोषणा’ असं सांगत हिंडू लागला. मी त्याला जिन्यात गाठलं.

“लाज नाही वाटत? ती माझी आहे.”

“अहो शेठ,” तो हसला, “ओंडक्यावर शिक्का असतो. घोषणेवर कुठं मारलाय तुम्ही?”

त्याच वर्षी बायको काविळीनं गेली. ओळ कुणाची ते सांगू शकणारं तेवढं एकच माणूस होतं.

मग मी गिरगावात एका वकिलाकडं गेलो. कॉपीराइटचा नवा कायदा आल्याचं कानावर होतं. सगळं सांगितलं, एक शब्द बायकोचा, बाकी माझं, हेसुद्धा.

वकील म्हणाले, “कायदा लेखनाला जपतो. पोवाडा, नाटक, लेख. त्यामागचा विचार कुणाच्याच मालकीचा नसतो. पुस्तकाचं नाव, अशी एखादी घोषणा, यांनाही कायदा सहसा धरत नाही.”

“मग किती ओळी लागतात?”

“तसा हिशेब नसतो, काका.”

“चार केल्या तर?”

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

“बरं, सहा. पण ही जुनी दीड त्यात धरायची.”

“अहो, कवन रचा, ते कवन तुमचं. कुणी जसंच्या तसं छापलं तर आपण भांडू. पण मुंबई घामाची आहे असं म्हणायला लोकांना कसं अडवणार?”

“अडवायचंय कुणाला?” मी टेबलावर हात आपटला. “ओरडू देत सगळ्यांना. त्यानं माझी म्हणू नये, एवढंच!”

“तो खोटं बोलतोय,” वकील हळूच म्हणाले. “पण या कायद्यात ते बसत नाही.”

आयुष्यात पहिल्यांदा मी सौदा न करता उठलो.

त्यानंतर शिवाजी पार्कला सभा होती. मी कडेला उभा होतो. व्यासपीठावरून चिटणीसानं घोषणा दिली आणि सगळं मैदान ओरडलं. मीही ओरडलो, पण सगळे शब्द एकाच सुरात. शेजारच्या माणसानं माझा दंड धरला.

“काका, ‘घामाची’वर जोर द्या. खरी मजा तिथंच आहे.”

एरवी मी त्याची गचांडी धरली असती. त्या दिवशी नुसतं विचारलं, “कुणी शिकवलं?”

“कुणी कशाला शिकवायला पाहिजे? सगळे असंच देतात.”

पुढच्या वेळी मी जोर दिला. त्यानं शाबासकी दिल्यासारखी मान हलवली.

हे घरी जाऊन तिला सांगायला हवं, असं चटकन मनात आलं. मग सभा संपली, लोक पांगले, तरी मी तिथंच उभा राहिलो.