आपलं पोरगं

विश्रामबागेतल्या ज्या सलूनमध्ये मी दर रविवारी दाढीला जातो, तिथल्या मालकाचं नाव मी कधी विचारलं नाही. वस्तरा गळ्यावर असला की तो बोलतो आणि गिऱ्हाइकानं गुमान ऐकायचं असतं.

कबड्डी लीगच्या लिलावात आमच्याच जिल्ह्यातल्या आटपाडीच्या एका नवख्या रेडरला एका संघानं उचललं, तेव्हा मालकानं त्याचा पेपरातला फोटो कापून आरशावर चिकटवला. "आपलं पोरगं हाय! पहिल्याच मॅचला धा पॉइंट आणतंय का न्हाई बघा."

पोरगा पहिल्या मॅचला तीन रेडला गेला आणि तिन्ही वेळा पकडला गेला. पुढच्या रविवारी "आपलं पोरगं" जाऊन "जिल्ह्यातलं कोन तरी" झालं होतं. मग संघानं त्याला बाहेर बसवलं. "त्या दुष्काळी भागात कसली आलीय ताकद?" मालक म्हणाला. फोटो निघाला होता, आरशावर चिकटपट्टीचे चार डाग राहिले होते. मी हसून मान डोलावली. तेव्हा माझ्या गळ्यावर वस्तराही नव्हता.

गेल्या रविवारी तो रेडरच दाढीला आला. गुडघ्याला पट्टा होता. मालकानं त्याला दारातच ओळखलं, मला आरशातून डोळा मारला. मग कापड झटकून त्याच्या गळ्याभोवती बांधत विचारलं, "गाव कुठलं रं?"

आरशावरच्या डागांकडं बघत पोरगा म्हणाला, "आटपाडी."

"लांब हाय गड्या," मालक म्हणाला. "लय लांब."