अंगावर टिकेल असा वास

चाकणच्या एका कंपनीत मी गाड्यांना लागणारे रबराचे भाग साफ करते. साच्यातून गरम भाग बाहेर येतात, त्यांच्या कडेला जास्तीचं रबर राहिलेलं असतं, ते ब्लेडनं कापून काढायचं. पूर्ण शिफ्ट हेच काम. हातात मोजे असतात, तोंडाला फडकं असतं, पण वास केसांत शिरतो, नखांत शिरतो, ब्लाउजच्या शिवणीत जाऊन बसतो. जळक्या टायरसारखा वास. दोनदा साबण लावला तरी मानेमागे थोडा उरतोच.

आम्ही मूळचे लातूरकडचे. नवरा भोसरीत वर्कशॉपला, मी चाकणला, आणि दापोडीत रुळांच्या कडेच्या गल्लीत दोन खोल्या. पहिली दोन वर्षं मला या वासाचं काही वाटलं नाही. कंपनीतल्या सगळ्याच बायांच्या अंगाला तो येतो, मग कुणाला कुणाचा कळणार?

कळला तो नणंदेच्या घरी, संत तुकाराम नगरात. तिच्या मुलीचा साखरपुडा होता. सुट्टी मिळाली नाही म्हणून मी पहिली शिफ्ट करून, कंपनीतल्याच बाथरूममध्ये साडी बदलून गेले. पाहुण्यांत बसले तर शेजारची बाई इकडं तिकडं बघत म्हणाली, "काहीतरी जळतंय का हो? वायरबियर?" नणंदेनं स्वयंपाकघरात जाऊन गॅस बघितला, मागं मीटर बघून आली. बाईनं पदर नाकाला लावला आणि हळूच थोडी सरकून बसली. तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी उठले आणि कार्यक्रम संपेपर्यंत मोरीपाशी उभी राहून कपबशा विसळत राहिले. नणंद म्हणाली, "वहिनी, बसा की जरा." मी म्हटलं, "असू दे, बसून बसून पाय आखडलेत." खरं तर सकाळपासून उभीच होते.

पुढच्या रविवारी मी अत्तरवाल्या चाचांकडं गेले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी म्हातारे चाचा लाकडी पेटी मांडून बसतात, पेटीत बोटाएवढ्या बाटल्या. मी म्हटलं, "चाचा, दिवसभर टिकेल असं द्या." त्यांनी माझ्या मनगटावर खसचं अत्तर लावलं. सवयीनं मी दोन्ही मनगटं एकमेकांवर घासली, तर चाचा एकदम म्हणाले, "घासू नको बेटी! घासलं की संपलं. आपोआप सुकू दे." मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. कोरडी कातडी अत्तर पिऊन टाकते. म्हणून आंघोळ झाली की अंग थोडं ओलसर असतानाच खोबरेल किंवा व्हॅसलिन लावायचं आणि त्यावर अत्तर. कोपराच्या आतल्या बाजूला, कानामागं, गळ्याच्या खोबणीत. सुती कपड्याला एक बोट. बाटली उन्हात ठेवायची नाही.

मी तसंच करायला लागले. पहाटे उठून स्वयंपाक, डबे, आंघोळ, मग आरशासमोर दोन मिनिटं खोबरेल आणि खस. दिवसातली तेवढी दोनच मिनिटं माझी असायची. घरातून निघताना छान वाटायचं. पण कंपनीची बस नाशिक फाटा ओलांडते न ओलांडते तोच मला वास येईनासा व्हायचा. मनगट नाकाशी नेऊन हुंगायची. काही नाही.

बसमध्ये माझ्या शेजारी भोसरीची एक बाई बसायची. गावातल्या जुन्या घरातली, माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणायची. कामावरही आम्ही एकाच टेबलावर. मी लागले तेव्हा ब्लेड धरायला तिनंच शिकवलं होतं. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी तिला मूल नव्हतं. त्याबद्दल ती बोलायची नाही, मीही विचारायची नाही. बसमध्ये आम्ही भाज्यांवर बोलायचो, नाहीतर गप्प.

एक दिवस ती भोसरीला चढली आणि माझ्या शेजारची जागा रिकामी असताना मागं जाऊन बसली. दुसऱ्या दिवशीही तेच. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन दाराजवळ गेली. मी विचारलं, "ताई, काही चुकलं का माझं?" ती म्हणाली, "न्हाई गं, तिकडं वारं लागतं."

मला वाटलं, रबर. बाकीच्यांचा जात असेल, माझ्याच अंगात मुरलाय. साखरपुड्यातली ती पदर लावलेली बाई डोळ्यांपुढं आली. मी व्हॅसलिन जाड लावायला लागले. वेणीत अत्तर, पदराच्या आत अत्तर, कानाच्या पाळीत कापसाचा फाया. महिन्याची बाटली दहा-बारा दिवसांत संपली. नवरा एकदा म्हणाला, "लग्नाला निघालीस का कंपनीत?" मी चिडून म्हटलं, "तुम्हाला काय कळतंय?" तो बिचारा डबा घेऊन निघून गेला.

मग एका सकाळी मोशीच्या अलीकडं बस अडकली. पुढं कंटेनर आडवा झाला होता. खिडक्यांतून धूळ यायची म्हणून सगळ्या बंद. मागून ताई उठली, तोंडावर हात धरून दाराकडं पळाली, ड्रायव्हरनं दार उघडलं आणि रस्त्याच्या कडेला तिला भडाभडा उलटी झाली. मी पाण्याची बाटली घेऊन मागोमाग उतरले आणि तिची पाठ चोळायला गेले. तिनं मला कोपरानं ढकललं.

"लांब हो! पाया पडते तुझ्या, लांब हो."

मी दोन पावलं मागं सरकले. मला रडू आलं. म्हटलं, "ताई, एवढा वाईट वास येतो का माझा? रोज एवढं अत्तर लावते मी."

"अत्तराचाच येतो की बाई!" ती धापा टाकत म्हणाली. "तू पुढं बसतीस आन् मला मागं येतो. सांजच्याला घरी गेले तरी माज्या साडीला तुजाच वास. डोकं फुटायची येळ आलीय."

"मला तर येतच नाही."

"तुला न्हाई येत. मला येतोय ना."

मग तिनं तोंड धुतलं, बसकडं एकदा बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "तिसरा म्हयना हाय. कुनाला बोलू नगंस. सायबाला कळलं तर काँट्रॅक्ट म्होरं न्यायाचे न्हाईत."

अकरा वर्षांनी. आणि मी रोज तिच्या टेबलावर जाऊन तिचा जीव नकोसा करत होते. रस्त्यावरच मी कानातला फाया काढून फेकला, बाटलीतल्या पाण्यानं गळा आणि मनगटं धुतली. तेलावर लावलेलं अत्तर पाण्यानं जात नाही. ती बघत होती. तिला हसू आलं आणि हसता हसता परत उमासा आला.

संध्याकाळी चाचांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "अत्तर कुठं जात नाही बेटी. आपलं नाक थकतं. दुसऱ्याला विचारायचं असतं." मी म्हटलं, "हे आधी नाही का सांगायचं?" ते म्हणाले, "तू टिकवायचं कसं विचारलंस. टिकलंय का, ते कधी विचारलंस?"

दुसऱ्या दिवसापासून मी काहीच लावलं नाही. ताई परत शेजारी येऊन बसली. टेबलाची साच्याकडची बाजू तिची होती, तिथं भाग तापलेले यायचे आणि वास जास्त. मी म्हटलं, "इकडं ये, मला तिकडं उजेड बरा पडतो." तिला कळलं. ती आपलं ब्लेड घेऊन इकडं आली. चार महिने आम्ही असं काढलं. सैल ड्रेस, वरून एप्रन, तरी सातव्या महिन्यात पोट लपायचं थांबलं. साहेब काही वाईट बोलले नाहीत. काँट्रॅक्ट संपायला आलंच होतं, ते संपलं आणि नवीन आलं नाही. शेवटच्या दिवशी तिनं आपलं ब्लेड पुसून माझ्याकडं दिलं आणि म्हणाली, "धार चांगली हाय याची."

मुलगी झाली. मी रविवारी बघायला गेले. ताईच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, रात्र रात्र झोप नाही म्हणाली. बाळ माझ्या मांडीवर देऊन ती भिंतीला टेकली आणि बोलता बोलता झोपली. सासूबाई चहा ठेवून गेल्या, तो निवला. मी तासभर तशीच बसले. मांडीला मुंग्या आल्या, तरी हलले नाही. बाहेर टेम्पो येत-जात होते, आणि दोघी गाढ झोपल्या होत्या.