धूर वाचणारे आबा

आबा धूर वाचायचे. सकाळी मिलच्या फाटकातून आत शिरताना मान वर करून चिमणीकडे एकदाच पाहायचे आणि कोणी विचारायच्या आत सांगून मोकळे व्हायचे, "कोळसा ओला आला" किंवा "जाळीतली राख काढेल नाही." बॉयलरपाशी जाऊन पाहावं तर तसंच असायचं.

मुलांनो, हे आबा आपले नातेवाईक नव्हेत. गुजराती मुलखात, भेस्तानला, आमच्या सोसायटीमागे कापड रंगवायची मिल होती. तिथे ते बॉयलर सांभाळत आणि मी ऑफिसात इंग्रजी पत्रव्यवहार पाही. कापड रंगवायला वाफ लागते आणि वाफेसाठी आग. आग आबांच्या ताब्यात. धुळ्याकडून आलेले, शाळा चौथीपर्यंत, पण बॉयलर चालवायचं सर्टिफिकेट मिळवलेले. त्यांच्या हाताखाली आठ माणसं फावड्यानं कोळसा घालायची. ती सगळी त्यांनीच आपल्या गावाकडून आणलेली. "त्यांच्या घरी मी शब्द देऊन आलोय," असं ते नेहमी म्हणत.

ऑफिसात आले की खुर्चीवर आधी जुनं वर्तमानपत्र पसरायचे, मगच बसायचे. जाताना तो कागद घडी करून बरोबर न्यायचे. मी म्हणायची, "आबा, राहू द्या की." ते म्हणायचे, "ताई, काळं आमच्याकडेच राहू द्या. तुमच्याकडे वाऱ्यानं येतं तेवढं पुरे."

ते खरंच येई. दोरीवरच्या कपड्यांवर, पापडांवर, तुळशीच्या पानांवर काजळी बसायची. बॉयलरच्या नळ्या साफ करायच्या दिवशी तर फारच. त्या दिवशी सकाळीच आबांचा माणूस दारात उभा: "आबांनी सांगितलंय, आज कपडे आत वाळवा." हा निरोप एकदाही चुकला नाही. कपड्यांचं मी सोसलं असतं. पण तुमचे बाबा, माझा मुलगा, तेव्हा कॉलेजात होते आणि दोन जिने चढले की त्यांना धाप लागायची. डॉक्टर म्हणाले होते, घर बदला. घर बदलणं आम्हाला परवडणारं नव्हतं.

१९९४च्या प्लेगनंतरची ती वर्षं. शहर साफ करायची लाट आली होती. सोसायट्यांचे अर्ज गेले, मिलला नोटीस आली. कोळसा बंद करून गॅसची पाइपलाइन घ्यायचं मिलच्या मालकांच्या, शेठांच्या, मनात आलं. लगेच कोळशाच्या ठेकेदाराची माणसं फाटकावर येऊन सांगू लागली की गॅसचा भडका उडेल, मिल उडेल. वॉर्डातले पुढारी सकाळी आमच्या सोसायटीत "धूर हटवणारच" म्हणाले आणि दुपारी मिलच्या फाटकावर "एकाचंही काम जाऊ देणार नाही" म्हणाले. दोन्हीकडे टाळ्या. आबा मला म्हणाले, "पुढारी साहेबांचं बॉयलर कोळशावर बी चालतं, गॅसवर बी." मग हसू आवरून म्हणाले, "पण माझ्या आठ जणांचं काय, ते कोणी सांगत नाही."

शेवटी शेठांच्या वकिलानं इंग्रजीत एक करार केला. शेठ मला म्हणाले, "बेन, तमे वाची आपो. तमारा लोको छे." माणसं मराठी, म्हणून वाचून सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी बॉयलरपाशी उभी राहून वाचला. आठ माणसं जमिनीवर बसलेली, आबा भिंतीला टेकलेले. कोळसा बंद झाल्यावर या कामगारांना मिलच्या दुसऱ्या खात्यांत सामावून घेतलं जाईल, असं त्यात होतं. त्याखाली आणखी एक ओळ होती: जागा असेल तरच, आणि तेही तीन महिन्यांपुरतं.

ती ओळ मी वाचली नाही. तुमच्या बाबांची धाप माझ्या कानात होती. मी कागद खाली केला आणि म्हणाले, "एवढंच आहे." आठ अंगठे उमटले.

गॅस आला. चिमणीतून काही दिसेनासं झालं. आबांना सर्टिफिकेटमुळे बर्नरवर ठेवलं. ते आठ जण तीन महिने कापडाच्या गाठी उचलत होते, मग त्यांना जागा नाही म्हणून सांगण्यात आलं. कोणी कडोदऱ्याला कापड विणायच्या लूमवर गेलं, कोणी बारडोलीकडे ऊस तोडायला, तिघे गावी परतले. आबा शेठांकडे दोनदा जाऊन आले. पुढाऱ्यांकडे एकदा गेले. साहेब मीटिंगमध्ये होते.

त्या वर्षी दसऱ्याला बॉयलरची पूजा होती. दरवर्षी आबा भट्टीसमोर समई लावत. आता तिथे ज्योत पेटवायला मनाई असल्याची पाटी होती. आबांनी आठ फावडी घासूनपुसून नव्या बर्नरसमोर ओळीनं मांडली, प्रत्येकाला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. दिवा नव्हता. शेठ आले, पाहिलं, पेढा घेऊन गेले. आठवड्यानं आबांनी काम सोडलं.

निघताना ते ऑफिसात आले. कपडे आता स्वच्छ असूनही खुर्चीवर कागद पसरूनच बसले. मला राहवलं नाही. म्हटलं, "आबा, त्या करारात आणखी एक ओळ होती."

"माहीत आहे ताई. तुमचे डोळे खाली गेले अन् तोंड थांबलं. मी पाहत व्हतो."

"मग विचारलं का नाही?"

ते आपल्या तळहातांकडे पाहत म्हणाले, "विचारलं असतं तर तुमाले वाचावं लागलं असतं. मग पोरांनी अंगठा दिला नसता, अन् धूर तसाच राहिला असता. एवढी वर्षं धूर वाचला ताई, त्यात काय लिहेल आहे ते मले ठाऊक व्हतं. तुमचा पोरगा जिन्यात धापा टाकत बसेल दिसायचा." उठता उठता म्हणाले, "शब्द मी देऊन आलो व्हतो. तुमी नाही." मग खुर्चीवरचा कागद घडी करून घेऊन गेले.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, स्वच्छ इंधनाला लोक विरोध तरी का करतात. म्हणून हे लिहिलं. वर्षभरात तुमच्या बाबांची धाप गेली. पण बादली घेऊन गच्चीवर गेले की दोरीशी माझा हात थांबायचा. कोणीतरी येऊन सांगेल, आज कपडे आत वाळवा. कोणी येत नसे. मी कपडे वाळत घाली आणि संध्याकाळी ते पांढरेशुभ्र काढून आणी.