गाणं बाळकुमच्या आत्यांचं

ठाकुर्लीच्या एका हळदीत आमचा ढोलकीवाला जेवायला बसलेला. नवरीची आई म्हणाली, "तोवर एखादं गाणं म्हणा ना, बायका ताटकळल्यात." हळदीच्या कार्यक्रमांत गायला लागून मला तेव्हा दहाएक वर्षं झालेली. सासूबाईंच्या जुन्या कॅसेटमधलं एक गाणं आठवलं. मिठागरावर राबणारी आई लेकीला हळद लावायला बसते, पण मिठानं फुटलेले हात पोरीच्या गालाला खरखरीत लागतील, म्हणून आधी तळव्यांना तेल चोळते. कॅसेटमध्ये ते अशा दणक्यात वाजवलेलं की शब्द कळायचेच नाहीत. कॅसेट कुणी फारशी घेतलीही नव्हती. मी ते ढोलकीशिवाय, सावकाश म्हटलं. बायका जवळ सरकून बसल्या. कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ घेतला, मी तो यूट्यूबवर टाकला आणि महिन्याभरात कल्याण-डोंबिवलीत जाऊ त्या हळदीला त्याचीच फर्माईश.

लोक 'तुमचं गाणं' म्हणायला लागले. खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं. मग एका बाईंनी विचारलं, "तुमच्या आई मिठागरावर होत्या का?" माझी आई शाळेत शिक्षिका. मला स्वतःचीच लाज वाटली.

कॅसेटच्या कव्हरवर गाणारीचं नाव होतं, पुढे गाव, ठाण्याजवळचं बाळकुम. तिथे तीन रविवार फिरले. नव्या सोसायट्यांच्या वॉचमनना काय माहीत असणार? तिसऱ्या रविवारी एक मासळीवाली म्हणाली, "ती माझी आत्या. चल, दाखवते."

आत्या सत्तरीच्या. मी मोबाइलवर माझं गाणं लावलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"मी चाल संथ केली. रागावू नका," मी म्हटलं.

"माझी आय अशीच म्हणायची, बाय. शब्दपण तिचेच. कॅसेटवाल्यानं जोरात गायला लावलं. म्हणाला, रडगाणं कोण ऐकणार?"

त्याच आठवड्यात मी व्हिडिओखाली दोघी मायलेकींची नावं टाकली. कल्याणच्या एका मोठ्या कार्यक्रमाच्या बॅनरवरही टाका, म्हटलं, तर आयोजक म्हणाला, "मॅडम, गाणं तुमच्यामुळे चाललं. त्यांना ओळखतं कोण?"

"म्हणूनच टाका. नाहीतर हे गाणं मी गाणार नाही."

त्यानं दुसरी गायिका बोलावली. वाईट वाटलं, पण मी हटले नाही. पुढे प्रत्येक हळदीत गाण्याआधी मायलेकींची नावं सांगायची, मग सूर लावायचा. कुणी कंटाळलं तरी सांगायची.

दोन वर्षं असंच चाललं. यंदा डोंबिवलीच्या एका घरून फोन आला. "हळदीला बाळकुमच्या आत्यांना बोलवायचंय. त्या म्हणाल्या, साथीला तुम्ही असाल तरच येईन. याल का?"

त्या दिवशी आत्या गायल्या. दुसऱ्या कडव्याला त्यांचा दम पुरेना, तेव्हा मी शेजारी बसून मागून सूर धरला. कडवं त्यांनीच पुरं केलं.