गच्चीवरचा पिम साहेब

वाळवंटाच्या कडेच्या आमच्या घदामेस गावात गल्ल्या पुरुषांच्या आणि गच्च्या बायकांच्या. गल्ल्यांवर छप्पर असल्यामुळे खाली भर दुपारीही अंधार, आणि त्या अंधारात पिम साहेब छत्री उघडून फिरायचा. "सवय आहे," म्हणायचा. उंटांशी इंग्रजीत भांडायचा, चहात मुरंबा घालायचा. ज्या वाळवंटात आमची माणसं पोटासाठी जातात, तिथे हा नकाशा काढायला हौसेने निघाला आणि परत आलाच नाही. उंटांना वाट पाठ असताना नकाशा कशाला, हे मला आजही कळलेलं नाही.

बाबांनी त्याला आमची खालची खोली दिली आणि स्वतः त्रिपोलीला गेले. पाठोपाठ साहेबाला ताप भरला. आईची विधवा बहीण, मबरूकामावशी, आमच्याकडेच राहायची. ती सूप घेऊन खाली गेली आणि त्याचा भिजलेला कोट उतरवताना किंचाळली.

"अगं बाई, हा बाप्या नाही! बाई आहे!"

मावशी आणि मी, दोघींनी तिला उचलून गच्चीवर नेलं. नाव ऑगस्टा. बाप पाद्री. तिचे नकाशे भावाच्या नावाने छापायचे, कारण तिकडच्या विद्वानांत बाईला बसायला जागा नाही. भावाचाच कोट घालून ती नाईलपर्यंत जाऊन आली होती.

"कुणाला सांगू नका," ती हात जोडून म्हणाली. ज्या तांड्याबरोबर ती दक्षिणेला जाणार होती, त्याचा म्होरक्या बिलकासम एकट्या बाईला सोबत नेत नसे. त्याला कळलं तर तिची वाट बंद. सगळ्या गच्च्यांना ठाऊक झालं, पण एकीनेही नवऱ्याला सांगितलं नाही. बायकांच्या पोटात काही राहत नाही म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मावशीने तिच्या कापलेल्या केसांना तेल चोळलं, तळपायांना मेंदी लावली, बुटात दिसणार नाही म्हणून. मावशीला मूलबाळ नव्हतं, आणि नवरा गेल्यापासून ती हसलीही नव्हती. आता दोघी एका ताटात जेवायच्या आणि हसून हसून लोळायच्या. मावशीचा जीव जडला तिच्यावर. माझ्या वाट्याला मावशी उरलीच नाही, मला तर रागच यायचा.

रोज सकाळी बिलकासम गल्लीतल्या झरोक्याखाली यायचा आणि रिवाजाप्रमाणे मान वर न करता विचारायचा, "मबरूका, साहेबाचं कसं आहे?"

"पडलाय खोलीत. अजून अंगात जीव नाही."

"राहू दे. माझाही एक उंट लंगडतोय."

तांडा कधी कुणासाठी थांबत नाही. हा थांबला. शेवटी एकदा म्हणाला, "उद्या निघतोय. साहेबाला झेपेल का? तू सांगशील तसं करतो."

मावशी झरोक्यापाशी बसून राहिली. साहेब बाई आहे, एवढं एकदा बोलली असती, तर ऑगस्टा आमच्या गच्चीवर राहिली असती, कदाचित जन्मभर.  ऑगस्टा नुसती दक्षिणेकडे बघत होती.

"झेपेल," मावशी म्हणाली. "घेऊन जा."

सकाळी ऑगस्टा कोट चढवून खाली उतरली. मावशीने गच्चीच्या कडेवरून वेशीबाहेर पाहिलं. एका उंटावर पडदे लावलेली डोली होती, जिच्यात आमच्याकडे फक्त बायका बसतात. मावशी धावत झरोक्याशी आली. बिलकासम अजून खाली गल्लीतच होता.

"बिलकासम! तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. पाहुणा सांगेल ते खरं मानायचं, मी कसं बोलणार?"

"पुढे वाळवंटात किती माणसं मरतात ठाऊक आहे ना तुला? मग थांबवायचं होतंस की तिला, मेल्या!" मावशी ओरडली आणि तिथेच रडत खाली बसली.



"म्हणूनच तर काल तुला विचारलं," तो म्हणाला. "वाटलं होतं, तू थांबवशील."